खर्ड्याची रात्र आणि बंदुकीचे लाकूड

11 मार्च 1795 ची संध्याकाळ. आजच्या जामखेड तालुक्यातल्या खर्ड्याच्या रानात दिवसभर लढाई होऊन गेली होती. एका बाजूला पेशव्यांच्या झेंड्याखाली जमलेल्या शिंदे, होळकर, भोसले आणि पटवर्धनांच्या फौजा, दुसऱ्या बाजूला हैदराबादचा निजाम अली खान. निजामाच्या फौजेचा कणा होता तो रेमंड नावाच्या फ्रेंच सरदाराने कवायत शिकवून तयार केलेल्या पलटणींचा. दिवस मावळला तरी निकाल लागलेला नव्हता. निजामाने रेमंडला मागे बोलावून घेतले होते. दमलेले शिपाई होते त्याच रांगेत आडवे झाले. बंदुका शेजारी होत्या आणि भरलेल्या होत्या.

रात्री मराठ्यांची एक लहानशी टोळी घोड्यांना पाणी पाजायला ओढ्यावर उतरली. निजामाच्या गस्तीला चाहूल लागली, गस्तीने बार काढला, पाठोपाठ रेमंडच्या पहारेकऱ्यांनीही काढला. त्यासरशी झोपेतून दचकून उठलेल्या साऱ्या रांगेने समोरच्या अंधारात बंदुका झाडल्या. ग्रँट डफने मराठ्यांच्या इतिहासात हा प्रसंग सविस्तर नोंदवला आहे. त्या आवाजाने निजामाच्या छावणीत जो गोंधळ उडाला तो आवरता आवरेना. सामानसुमान टाकून माणसे पळत सुटली आणि खुद्द निजामाने खर्ड्याच्या लहानशा किल्ल्याचा आसरा घेतला. तिथे तो कोंडला गेला आणि पुढे त्याला मराठ्यांच्या अटी मान्य कराव्या लागल्या.

ते शिपाई भरलेल्या बंदुका घेऊन का झोपले? याचे उत्तर बंदुकीच्या रचनेतच आहे. ठासणीची बंदूक तोंडाकडून भरतात. आधी दारू, मग गोळी, मग गजाने ठासणे. एकदा ठासलेला बार सहज बाहेर येत नाही. गजाच्या टोकाला मळसूत्री आकडा लावून तो उपसून काढावा लागतो, नाहीतर सरळ उडवून मोकळे व्हावे लागते. म्हणून दिवसा भरलेली बंदूक रात्रीही भरलेलीच राहते. याच्या नेमके उलट उदाहरण अठरा वर्षे आधीचे आहे. सप्टेंबर 1777 मध्ये अमेरिकेत पाओली येथे ब्रिटिश सेनानी चार्ल्स ग्रे याने रात्री छापा घालायचे ठरवले. निघण्यापूर्वी त्याने हुकूम दिला की बार उपसून काढा, आणि ज्याला काढता येत नाही त्याने बंदुकीची गारच काढून ठेवावी. चकमकीची गार नसली की ठिणगी नाही, ठिणगी नाही म्हणजे चुकूनही आवाज नाही. छापा संगिनींवर झाला आणि ग्रेच्या नावाला ‘बिनगारेचा’ हे बिरूद कायमचे चिकटले.

बंदुकीचा विचार करताना माणूस आवाज म्हटला की बाराचाच आवाज समजतो. काळ्या दारूचा तो दणका लाकूडकामाने कमी होत नाही. पण बार होण्यापूर्वी बंदूक जे बारीक बारीक आवाज करते, ते बहुतेक सारे लाकडाशी जोडलेले असतात. गजाची खडखड, पट्ट्याच्या कड्यांची किणकिण, सैल बसलेल्या नळीची टकटक. बंदूक हातात कशी तोलली जाते, तोंडाकडे झुकते की हातात स्थिर राहते, हेही बऱ्याच अंशी लाकूडच ठरवते. नळीवर सोन्याचांदीचे कोफ्तगारीचे काम होई, लोहाराचे नाव कोरले जाई. दस्ता घडवणारा सुतार मात्र बहुधा निनावीच राहिला. निम्मी बंदूक त्याची असते.

खर्डा ज्या नगर जिल्ह्यात येतो, त्या नगरच्या मातीत या विषयाची पाळेमुळे खोल आहेत. विजापूरच्या तटावरची प्रसिद्ध ‘मुलूख मैदान’ तोफ ओतली गेली ती अहमदनगरात, 1549 साली, तिथल्या निजामशाहीच्या पदरी असलेल्या मुहम्मद बिन हुसेन रूमी याच्या हातून. धातू ओतण्याची ही विद्या ज्या शहरात होती तिथे तोड्याच्या, म्हणजे धुमसत्या दोरीने पेटवायच्या बंदुकाही होत्याच. 1595-96 च्या वेढ्यात मोगल शहजादा मुरादच्या सैन्याने किल्ल्याखाली सुरुंग पेरले. एका सुरुंगाने तटाला खिंडार पडले आणि किल्ला लढवणारी चांदबीबी स्वतः त्या खिंडारात उभी राहिली. गोळ्या संपल्यावर तिने तांब्याची, मग चांदीची, मग सोन्याची नाणी आणि शेवटी जवाहीर बंदुकांत भरले, अशी आख्यायिका नगरात आजही सांगतात. आख्यायिका खरी असो वा नसो, तिच्यामागचे तंत्र खरे आहे. आतून गुळगुळीत असलेली ठासणीची नळी मापात बसेल ते काहीही गिळते.

तोड्याची बंदूक जवळून पाहिली की पहिल्यांदा डोळ्यांत भरते ती तिची लांबी आणि दस्त्याचा सडपातळपणा. नळी चार-साडेचार फुटांची, बुडाकडे जाड. तिच्याखाली जवळजवळ टोकापर्यंत गेलेली लाकडाची बारीक पन्हळ. नळी आणि लाकूड चामड्याच्या वाद्यांनी, तारेने किंवा पितळी पट्ट्यांनी जागोजागी आवळलेले. मागचा भाग सरळ, पैलू पाडलेला, दोन्ही बाजूंना लोखंडी पट्ट्या ठोकलेला. आजच्या बंदुकीसारखा रुंद कुंदा तिला नसतोच. खांद्यात रोवायची सोय म्हणून तिचा दस्ता घडवलेला नाही. गुडघा टेकून, बैठक मारून, काठीचा किंवा दुबेळक्याचा आधार घेऊन, दस्त्याचे टोक काखेत किंवा गालाशी धरून नेम धरायचा, असे तिचे गणित होते. मोगल लघुचित्रांत शिकारी तशा बैठकीत दिसतात. ‘आईन-इ-अकबरी’मध्ये अबुल फजलने अकबराच्या बंदूकखान्याचे वर्णन केले आहे. लोखंडाचा पत्रा कागदाच्या सुरळीसारखा तिरका गुंडाळून नळी करण्याची पद्धत त्यात आहे, आणि बैलाने फिरवायच्या चाकावर एकाच वेळी सोळा नळ्या आतून साफ करण्याच्या यंत्राचेही वर्णन आहे.

एवढ्या लांब आणि जड नळीला एवढा हलका दस्ता असल्यावर तोल पुढे जाणारच. ही बंदूक तोंडाकडे ओढते. आधाराला टेकवलेली असेल तर हाच तिचा गुण ठरतो, कारण तोंडाकडचे वजन हाताचा थरथराट दाबून टाकते. किल्ल्याच्या तटावर, कोनाड्यातून किंवा झाडाच्या बेचक्यातून नेम धरणाऱ्याला यापेक्षा चांगली बंदूक नको. देशी तोड्याच्या बंदुका आपल्या मस्कटींपेक्षा लांबवर आणि नेमकी गोळी टाकतात, असे ईस्ट इंडिया कंपनीच्या अधिकाऱ्यांनीही लिहून ठेवले आहे. पण उभे राहून, चालता चालता, हातांवर तोलून बार काढायचा म्हटले की तीच बंदूक मनगट मोडते.

तोलाचे गणित अवघड नाही. बंदूक बोटावर किंवा दोरीच्या फासात आडवी तोलून पाहायची. ती जिथे सरळ राहते तिथे तिचा गुरुत्वमध्य. समजा चार किलोची बंदूक आहे आणि तिचा तोल चापाच्या तीस सेंटिमीटर पुढे येतो. डावा हात त्याच्या आसपास धरला तर ठीक, पण बहुतेकांचा हात त्याहून मागेच येतो आणि तोंड खाली झुकू लागते. आता दस्त्याच्या मागच्या टोकाला, चापापासून पस्तीस सेंटिमीटर मागे, चारशे ग्रॅम शिसे बसवले तर? चार गुणिले तीस म्हणजे एकशेवीस, त्यातून चौदा वजा, उरले एकशेसहा. भागिले एकूण वजन चार पूर्णांक चार. तोल आला चोवीस सेंटिमीटरवर. चारशे ग्रॅम शिसे घातले तर सहा सेंटिमीटर फरक पडतो आणि तो हाताला ताबडतोब कळतो.

पण त्याची किंमतही आहे. बंदूक एकूण जड झाली. चारशे ग्रॅम दिवसभर रानात खांद्यावर वाहणे सोपे नाही. म्हणून कसबी कारागीर आधी वजन घालायचा विचार करत नाही, तो पुढचे वजन काढायचा विचार करतो. इथे दुसरा नियम कामाला येतो. खांद्याला लावलेली बंदूक वळवताना ती खांद्याभोवती फिरते, आणि वळायला होणारा विरोध अंतराच्या वर्गाने वाढतो. तोंडाशी असलेले शंभर ग्रॅम जेवढा विरोध करतात, त्याचा चौथाच हिस्सा तेवढेच वजन निम्म्या अंतरावर असताना होतो. म्हणून पुढच्या टोकाचे पितळी टोपण काढून शिंगाचे बसवणे, पुढच्या अर्ध्या दस्त्याचे लाकूड बोटभर बारीक करणे, लोखंडी गजाच्या जागी लाकडी गज घालणे, या गोष्टी मागे शिसे ओतण्यापेक्षा जास्त उपयोगी पडतात. विशेषतः रायफलीच्या बाबतीत. आतून सर्पिल खाचा पाडलेली नळी बहुधा अष्टपैलू आणि जाड असते, आणि सारे वजन पुढे नेऊन ठेवते. मात्र तोंड फार हलके केले की बंदूक झटकन वळते आणि तितकीच झटकन हलते. उडत्या पाखरामागे फिरवायची असेल तर ते चालते. खुणेच्या फळ्यावर स्थिर नेम धरायचा असेल तर चालत नाही. कोणत्या कामासाठी बंदूक घडवायची आहे, हे आधी ठरवावे लागते. तोल त्या कामापासून वेगळा काढताच येत नाही.

नळीच आखूड करणे हा याहून मूलगामी उपाय, आणि त्याचे सर्वात मोठे उदाहरण थेट नगरच्या तटाखाली येऊन पोहोचते. ब्रिटिश सैन्याची मस्कट अठराव्या शतकात आधी 46 इंची नळीची होती, मग 42 इंची झाली. ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या पलटणींसाठी 39 इंची, साध्या बांधणीची आणि स्वस्त बंदूक घडवून घेतली. 1793 मध्ये फ्रान्सशी युद्ध पेटल्यावर ब्रिटिश सरकारला बंदुका कमी पडू लागल्या. तेव्हा कंपनीसाठी तयार झालेल्या बंदुका सरकारने विकत घेतल्या, आणि 1797 मध्ये तोच नमुना आपल्या सैन्यासाठीही स्वीकारला. त्याचे नाव पडले ‘इंडिया पॅटर्न’. मुख्य कारण होते काटकसर आणि घाई. पण तोंडाकडचे तीन इंच लोखंड आणि त्याखालचे लाकूड गेल्याने बंदूक हाताला सुटसुटीत झाली. पुढची निदान चार दशके जगभर वापरल्या गेलेल्या ब्रिटिश बंदुकीचा तोल असा हिंदुस्थानसाठी घडवलेल्या बंदुकीने ठरवला.

8 ऑगस्ट 1803 रोजी ब्रिटिश सेनानी आर्थर वेलस्लीच्या फौजेने शिड्या लावून नगरची पेठ घेतली आणि 12 ऑगस्टला किल्ला ताब्यात घेतला. पेठेच्या बचावाला अरब शिपाई होते आणि शिंद्यांची एक कवायती पलटणही होती. म्हणजे त्या दिवशी नगरच्या गल्ल्यांत दोन्ही तऱ्हेच्या बंदुका समोरासमोर होत्या. घरांच्या आडोशाने, आधार घेऊन बार काढणाऱ्या अरबांच्या लांब तोड्याच्या बंदुका, आणि शिडीवरून उतरून धावत, हातावर तोलून, संगीन लावून चालवायच्या आखूड चकमकीच्या बंदुका. लढाईचा निकाल बंदुकीच्या तोलाने लागला असे म्हणणे चुकीचे ठरेल. तोफा, शिस्त आणि पैसा यांचा वाटा फार मोठा होता. पण शिडीवर चढणाऱ्या माणसाला साडेचार फुटी नळी काय उपयोगाची, हे कोणालाही समजेल.

आता आवाजाकडे. इथे जुनी तोड्याची बंदूक एका बाबतीत सगळ्यांवर मात करते. तिला कमानच नसते. चाप दाबला की खोबणीतून वर आलेला आकडा तोड्याचा निखारा हळूहळू रंजकाच्या प्यालीत उतरवतो. खट नाही, टिक नाही. चकमकीच्या बंदुकीत मात्र घोडा मागे ओढला की खटका अर्ध्यावर एकदा आणि पुरा ओढल्यावर पुन्हा एकदा वाजतो. शांत रानात सांबराच्या कानाला तो आवाज शंभर पावलांवरूनही पुरतो. पण तोड्याला स्वतःची चुगली करायची दुसरी रीत आहे. सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेली सुती दोरी सतत धुमसत असते. तिचा वास वाऱ्याबरोबर जातो आणि अंधारात तिचा लाल ठिपका दुरून दिसतो. युरोपात सतराव्या शतकात शिपाई हा निखारा झाकायला भोके पाडलेल्या पत्र्याच्या नळ्या वापरत. खर्ड्याच्या रात्री रेमंडच्या पलटणी चकमकीच्या बंदुका घेऊन होत्या, म्हणून अंधारात ठिपके नव्हते. रांग किती लांब पसरली आहे याचा अंदाज कोणालाच नव्हता, आणि बार एकदम झाल्यावर तो अंदाज भलताच मोठा झाला.

घोड्याच्या खटक्यावर शिकाऱ्यांनी शोधलेला उपाय जुना आहे. चाप दाबून धरायचा, घोडा अंगठ्याने पुरा मागे न्यायचा, चाप सोडायचा आणि मग घोडा हलकेच खाचेत बसू द्यायचा. दाताला दात घासत नाही, आवाज होत नाही. ही हातचलाखी धोक्याची आहे. अंगठा घसरला तर भरलेली बंदूक उडते, म्हणून नवख्याला ती शिकवू नये. बाकीचे आवाज मात्र कारागिराच्या बाकावर, बंदूक रिकामी असताना, निवांतपणे बंद करता येतात.

सर्वात मोठा गुन्हेगार म्हणजे गज. तो नळीखालच्या पन्हळीत, दोन-तीन कड्यांतून ओवलेला असतो. लाकडी गज होता तोवर निभत होते. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात प्रशियाने लोखंडी गज आणला. तो मोडत नाही आणि त्याने झटपट ठासता येते. 1741 च्या मोलविट्झच्या लढाईत प्रशियाच्या पायदळाने जो बारांचा मारा केला त्याचे श्रेय या गजालाही देतात. पण लोखंड लोखंडाला आपटले की वाजते, आणि जड गज पुढच्या बाजूचे वजन वाढवतो. तोल आणि शांतता दोन्ही एका वस्तूने बिघडतात. काही बनावटींत पन्हळीच्या शेवटी पोलादी पट्टीची कमान बसवून गज चिमटून धरत. घरगुती उपाय सोपा आहे. पन्हळीच्या तळाशी मऊ चामड्याची बोटभर पट्टी चिकटवायची, कड्यांच्या आत मेण चोळायचे. लाकडी गज असेल तर त्याला अगदी हलका बाक द्यायचा, म्हणजे तो स्वतःच्या ताणाने जागच्या जागी बसतो. पट्ट्याच्या लोखंडी कड्यांच्या जागी चामड्याची वादी घातली की निम्मी किणकिण तिथेच संपते.

नळी दस्त्यात नीट बसवणे हे मात्र खरे कसब. सुतार नळीच्या खालच्या अंगाला दिव्याची काजळी तेलात कालवून पातळ फासतो आणि नळी पन्हळीत दाबून उचलतो. लाकडावर जिथे काळा डाग उठतो ती जागा उंच. तेवढीच पटाशीने कागदासारखी सोलायची, पुन्हा काजळी, पुन्हा दाब. आधी दोन-चारच डाग उठतात, मग दहा, मग सबंध पन्हळ सारखी काळी होते. या कामात दिवसच्या दिवस जातात. पण अशी बसवलेली नळी लाकडाशी एकजीव होते. बंदूक उचलून कुंद्यावर बोटाच्या पेराने टिचकी मारली तर ठाम, भरीव आवाज येतो. सैल बसलेल्या बंदुकीतून पोकळ, दुहेरी आवाज येतो. मागच्या बाजूला, जिथे नळीचे बूड लाकडाला टेकते, तिथे पोकळी राहिली तर प्रत्येक बाराचा धक्का बारीक भागावर येतो आणि चापामागची मान तडकते. जुन्या बंदुकांच्या मानेवर तारेचे वेढे दिसतात ते बहुतेक अशाच तडकलेल्या लाकडाला दिलेले असतात.

मान तडकण्याचे दुसरे कारण लाकडाच्या रेषा. दस्ता मानेशी वाकतो आणि तिथेच सर्वात बारीक असतो. रेषा त्या वळणाबरोबर धावत असतील तर मान टिकते, आडव्या तुटत असतील तर एका पडझडीत दोन तुकडे. म्हणून युरोपात दस्त्यासाठी अक्रोडाच्या बुंध्याचा फांद्यांकडे किंवा मुळांकडे वळणारा भाग निवडत. आपल्याकडचे शिसव देखणे आणि चिवट, पण घनमीटरला साडेआठशे किलोच्या घरात जाणारे. सागवान साडेसहाशेच्या आसपास, अक्रोड त्याहून थोडे हलके. एकाच आकाराचा दस्ता शिसवीत केला तर सागापेक्षा सुमारे तीस टक्के जड भरतो. ते वजन मागच्या बाजूला असेल तर शिसे घालायची गरज उरत नाही. ते तोंडापर्यंत गेलेल्या लाकडात असेल तर तोल आणखी बिघडतो. सागवान हवेतल्या ओलीने फार फुगत-आकसत नाही, हा त्याचा मोठा गुण. पण ते रेषेवर चिरते, म्हणून बारीक मानेला जपावे लागते. नगरच्या माळावर मुबलक असलेली बाभूळ औताला आणि गाडीच्या चाकाला उत्तम. वजनाचा विचार केला तर ती शिसवीच्याच पंगतीत बसते.

लाकूड फुगते आणि आकसते, याचा या जिल्ह्याइतका धडा क्वचितच कुठे मिळेल. पश्चिमेला अकोले तालुक्यात घाटघर-हरिश्चंद्रगडाच्या माथ्यावर पावसाळ्यात धो धो पाऊस, आणि पूर्वेला पाथर्डी-जामखेडकडे पर्जन्यछायेतला कोरडा मुलूख. श्रावणात अकोल्यात फुगलेला दस्ता वैशाखात जामखेडला आणला की आकसतो, पट्ट्या सैल पडतात, आणि कालपर्यंत मुकी असलेली बंदूक खडखडू लागते. बाहेरचे लाकूड तेलपाणी करून चकचकीत ठेवलेले असते. पन्हळीच्या आतले, कुंद्याच्या लोखंडी पट्टीखालचे आणि कळ बसवायच्या खोबणीतले लाकूड मात्र कोरडेच राहते. ओल तिथूनच शिरते. म्हणून नळी काढून आतल्या बाजूला जवसाचे उकळलेले तेल पातळ हाताने, दोन-तीन दिवसांच्या अंतराने, मुरेल तेवढे द्यावे. शेवटी मेणाचा हात. जवसाच्या तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत, वाळताना त्या आपोआप तापून पेटतात. पसरून वाळवाव्या किंवा पाण्यात बुडवाव्या.

अशा बंदुकांवर काम करण्यापूर्वी एक तपासणी कधीही चुकवू नये. पिढ्यान्‌पिढ्या भिंतीवर टांगलेली ठासणीची बंदूक रिकामी असेलच असे नाही. खर्ड्याच्या रात्रीसारखे भरून ठेवलेले बार दीडशे वर्षांनीही नळीत तसेच सापडले आहेत, आणि कोरडी काळी दारू इतक्या वर्षांनीही पेटते. तोंड स्वतःपासून आणि इतरांपासून दूर ठेवून लाकडी काठी नळीत अलगद तळापर्यंत घालावी, तोंडाशी खूण करावी. मग तीच काठी नळीच्या बाहेरून धरून पाहावी. खूण तोंडाशी धरली असता काठीचे टोक कानाच्या, म्हणजे रंजकाच्या, भोकापर्यंत पोहोचले तर आत काही नाही. चार बोटे अलीकडेच थांबले तर आत बार आहे. मग हात लावू नये, जाणकाराकडे द्यावी.

कायद्याचीही बाजू आहे. हिंदुस्थानात शस्त्रांवर परवान्याची सक्ती लॉर्ड लिटनच्या 1878 च्या कायद्याने पक्की झाली. आज 1959 चा शस्त्र कायदा चालतो, आणि चालू स्थितीतली ठासणीची बंदूकही परवान्याशिवाय बाळगता येत नाही. दुरुस्तीही परवानाधारक कारागिराकडूनच करून घ्यावी लागते. पुराण वस्तू म्हणून जपलेल्या, वापरता न येणाऱ्या बंदुकांसाठी सवलत आहे, पण ती गृहीत धरू नये, पोलिसांकडे चौकशी करून घ्यावी. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा प्रश्नच उरला नाही. तेव्हा आज या कसबाचा उपयोग कुठे? एक तर नेमबाजीच्या खेळात. ठासणीच्या बंदुकांच्या नेमबाजीची आंतरराष्ट्रीय संघटना 1971 पासून जागतिक स्पर्धा भरवते. त्यात तोड्याच्या बंदुकीच्या एका प्रकाराला ‘तानेगाशिमा’ असे जपानी बेटाचे नाव आहे. त्या बेटावर 1543 मध्ये पोर्तुगीजांबरोबर तोड्याची बंदूक पोहोचली. पन्नास मीटरवर उभे राहून, जपानी धाटणीच्या आखूड दस्त्याची बंदूक गालाला लावून नेम धरायचा असतो. तिथे तोलाचे एक एक सेंटिमीटर गुणांत मोजले जाते. देशी तोडेदार बंदुकीच्या घडणीचा असा खेळकर, मोजमापाचा अभ्यास आपल्याकडेही व्हायला हवा. नळ्यांवरच्या नक्षीवर लिहिले गेले आहे, दस्त्यांच्या तोलावर जवळजवळ नाही.

दुसरा उपयोग जतनाचा, आणि तिथे नियम उलटा आहे. जुन्या दस्त्यात शिसे घालू नये, लाकूड तासू नये, नवे तेल चोपडून जुनी पुटे पुसू नयेत. जो काही बदल करायचा तो नव्याने घडवलेल्या बंदुकीत. जुनीचे फक्त मोजमाप घ्यावे. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात किंवा मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या शस्त्रदालनात तोड्याच्या बंदुका काचेआड उभ्या असतात. पाहणारे नळीवरची वेलबुट्टी पाहून पुढे सरकतात. त्याऐवजी जरा वाकून दस्त्याच्या खालच्या बाजूला पाहावे. वापरलेल्या बंदुकीवर नळीखाली एका जागी लाकूड झिजून गुळगुळीत झालेले असते, रंग काळपट चढलेला असतो, जवळची पितळी पट्टी पातळ झालेली असते. तिथे डावा हात येत असे. चालताना बंदूक हातात तोलून न्यायची तर ती तोलाच्याच जागी धरावी लागते, म्हणून ती झीज मागच्या टोकापासून किती बोटांवर आहे हे मोजले की बंदूक न उचलताही तिचा तोल कुठे होता याचा अंदाज येतो.